कोबीराजाची तक्रार

एलर्ट ब्रुंकेन बँकेचं पत्रक तपासायला बसला की घरात शिंकायचीही सोय नसे. न्याहारीची भांडी उचललेली, टेबल पुसून कोरडं केलेलं, डाव्या हाताला महिन्याभराच्या पावत्या, उजव्या हाताला टोक काढलेली पेन्सिल. लोक देवासमोर बसत नाहीत एवढ्या गांभीर्याने हा गृहस्थ स्वतःच्याच पैशांसमोर बसायचा. त्याची बायको टोम्मा तेवढ्या वेळात मुद्दाम कोंबड्यांकडे जायची. कोंबड्या निदान पावती मागत नाहीत, असं तिचं म्हणणं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मात्र तिला अंगणात हाक ऐकू आली.

"टोम्मा, आपण हायडरोझला कधी जेवलो?"

"कोण हायडरोझ?"

"हायडरोझ रेस्टॉरंट. दोनशे चाळीस युरो खात्यातून गेलेत."

टोम्मा हातात अंडं धरून दारातच उभी राहिली. "दोनशे चाळीस युरोचं जेवण मी विसरेन? मी त्या ताटाचा फोटो काढून भिंतीवर लावला असता."

"म्हणजे तू नाही गेलीस."

"नाही. आणि तू कुणाला घेऊन गेलास, असं मी विचारणारही नाही. तू दुसऱ्या बाईला अर्धा सॉसेज खाऊ घालशील आणि उरलेला अर्धा डब्यात बांधून घरी आणशील."

बायकोचा इतका गाढ विश्वास असलेला नवरा खरं तर सुखी व्हायला हवा. एलर्टला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

आता इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली म्हणजे हा माणूस निवृत्त होईपर्यंत गाडी चालवण्याच्या परवान्याचा परीक्षक होता. मागच्या सीटवर बसायचं, गुडघ्यावर पाटी ठेवायची आणि पुढे थरथरणाऱ्या माणसाच्या चुका टिपायच्या. ओस्टरफेन गावातल्या निम्म्या लोकांना त्याने कधी ना कधी नापास केलं होतं. शेजारच्या वुब्बोला तर इतक्यांदा, की वुब्बोच्या बापाने शेवटी त्याला घोडा घेऊन देतो म्हणून सांगितलं. असल्या माणसाला गाव नमस्कार करतं, पण जेवायला बोलावत नाही.

दुसरी गोष्ट कोबीची. गड्डा न धरणारा, कुरळ्या पानांचा कोबी इथे हिवाळ्यात पिकतो आणि त्याच्यावर थंडीचा कडाका पडून गेल्याशिवाय त्याला चव येत नाही. फेब्रुवारीत अख्खी गल्ली हातगाडीत दारूच्या बाटल्या भरून निघते. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेला इवलासा प्याला. शेताशेतांतून चालायचं, रस्त्यावर जड चेंडू फेकायचा, वळण आलं की प्यायचं, वळण नाही आलं तरी प्यायचं, आणि संध्याकाळी खानावळीत पोचून तो कोबी, धुरावलेलं डुकराचं मांस आणि ओटची भरड घातलेला सॉसेज हाणायचा. शेवटी एकाला कोबीराजा निवडतात. त्याच्या गळ्यात रिबिनीला बांधलेलं डुकराच्या जबड्याचं हाड घालतात. पुढच्या वर्षीची सगळी व्यवस्था, अगदी जेवणाच्या हॉलपासून, राजाने बघायची.

वर्षानुवर्षं एलर्ट ही वरात पडद्याआडून बघत आला होता. गेल्या फेब्रुवारीत गाडी ओढणाऱ्याची कंबर धरली म्हणून वुब्बोने नाइलाजाने फोन केला, एलर्ट धावत गेला, आणि त्याच रात्री लोकांनी त्याला राजा करून टाकलं. ते हाड त्याने टीव्हीच्या वर टांगलं. राष्ट्रपतींनी पदक दिलं असतं तर ते त्याने ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं. जबडा मात्र रोज फडक्याने पुसला जाई.

फक्त एक अडचण होती. गळ्यात हाड पडल्यानंतरचं त्याला काहीही आठवत नव्हतं. आणि कोबीच्या रात्री जे घडलं ते दुसऱ्या दिवशी कुणी तोंडावर आणायचं नाही, हा तिथला लोखंडी नियम. धर्म मोडतील, नियम मोडायचे नाहीत. उन्हाळ्यात एलर्टने वुब्बोला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "हॉलचं काय?" वुब्बो म्हणाला, "हॉलचं झालंय." कुणी केलं, एवढंच पुढे विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तसं विचारणं म्हणजे मला काही आठवत नाही हे कबूल करणं, आणि परीक्षकाला आठवत नाही हे कसं चालेल? तो नुसता "छान" म्हणाला. सज्जन लोकांचं निम्मं आयुष्य असं "छान" म्हणण्यात वाया जातं.

तर, हायडरोझ.

एलर्टने आधी बँकेला फोन लावला. बँकेने गावातली शाखा कधीच बंद केली होती, ग्राहकांच्या सोयीसाठी. चोर रात्री घरात शिरून म्हणाला की तुमचं ओझं कमी करायला आलोय, तर ती जशी सोय होईल तशी ही सोय. फोनवर एक गोड बाई आकडे दाबायला सांगत होती. एलर्ट आकडे दाबत गेला, मध्येमध्ये बासरी ऐकत गेला, आणि शेवटी त्या बाईने त्याला घरासाठी कर्ज देऊ केलं. त्याने फोन ठेवला आणि कुंपणापाशी गेला, कारण कुंपणापाशी हार्म उभा होता.

हार्म निवृत्त कस्टमवाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सामानात हात घातल्यामुळे त्याला जगात कुठेच सरळ काही दिसत नसे.

"रेस्टॉरंट?" हार्मने आवाज खाली आणला. "रेस्टॉरंट नसतंच ते. नाव रेस्टॉरंटचं असतं. मागे टोळी असते."

"दोनशे चाळीससाठी टोळी?"

"आधी अशी चव घेतात, एलर्ट. माणूस ओरडतो का बघतात. नाही ओरडला तर पुढच्या महिन्यात घर."

"माझं घर?"

"मी आपलं बोललो. पण पत्रकं उघड्यावर ठेवू नकोस."

संध्याकाळी एलर्ट फोकोकडे गेला. फोकोकडे म्हणजे गावची खानावळ. फोको मरून कित्येक वर्षं झाली. आता ती इम्के चालवते, पण गाव अजून फोकोकडेच जातं. दारावर बिअर कंपनीची पाटी आहे, दुसरी कुठली पाटी कुणाला आठवत नाही. इम्के त्या दिवसांत गुडघ्यांच्या उपचारासाठी समुद्रकाठच्या आरोग्यधामात गेली होती. स्वयंपाकघर बंद, आणि गल्ल्यावर तिचा दीर डिर्क.

"हायडरोझ?" डिर्कने ग्लासवर फेस येऊ दिला. "ऐकलं नाही बुवा. पण मला विचारू नका. इम्के म्हणाली, नळ आणि गल्ला बघ, बाकी कशाला हात लावू नकोस."

वुब्बो आणि फ्राउके कोपऱ्यात बसले होते. फ्राउकेचं केस कापायचं दुकान होतं, त्यामुळे तिला आसपासच्या गावांतली सगळी भानगड ठाऊक. तिलाही हायडरोझ ठाऊक नव्हतं. तिने फोनवर शोधलं.

"सापडलं. फोटो नाही. पत्ता, मुख्य रस्ता, क्रमांक एक."

"मुख्य रस्ता प्रत्येक गावात असतो," हार्म म्हणाला. तो एलर्टच्या मागोमाग आलाच होता. "मुद्दाम असा पत्ता देतात. शोधत बसा म्हणून."

"नंबर तर आपल्याच तालुक्यातला दिसतोय."

"तोही मुद्दाम. विश्वास बसावा म्हणून."

"मग लाव ना फोन," वुब्बो म्हणाला. "बोल त्यांच्याशी. तू बोललास की माणसं आपोआप गाडी बाजूला घेतात."

एलर्टने ताठ बसून नंबर लावला. कानात घंटी वाजू लागली. त्याच वेळी आतल्या बंद स्वयंपाकघरातही फोन वाजू लागला.

"अरे तो आतला फोन कुणीतरी उचला," एलर्ट कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "मला इथे काही ऐकू येत नाहीये."

"तो किचनचा फोन आहे," डिर्क म्हणाला. "नळ आणि गल्ला."

सगळे शांत बसले. एलर्टच्या कानात घंटी, आत घंटी. फ्राउकेने स्वयंपाकघराच्या दाराकडे वैतागून बघितलं. शेवटी एलर्टने फोन कापला.

"उचलत नाहीत."

"आतलाही थांबला एकदाचा," डिर्क म्हणाला, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

"उचलणारच नाहीत," हार्मने निकाल दिला. "चोर फोन उचलतात का कधी?"

त्या रात्री मुख्य रस्ता क्रमांक एकवर बसून, इम्केची बिअर पीत पीत त्या चौघांनी शपथ घेतली की हायडरोझच्या दारात आयुष्यात कधी पाऊल ठेवायचं नाही.

सोमवारी एलर्ट टाय बांधून तालुक्याच्या शाखेत गेला. तिथे झीबेल्सबाई नावाच्या अधिकारी होत्या. त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास, एक निवडुंग आणि ग्राहकाला ऐकून घेण्याचं प्रशिक्षण घेतलेला चेहरा.

"ब्रुंकेनसाहेब, ही थेट वसुली आहे. म्हणजे तुम्ही त्यांना खात्यातून पैसे घ्यायची परवानगी दिलेली असणार."

"मी कुणालाही परवानगी देत नाही. माझा तो व्यवसायच होता."

"तुमचा आणि या कंपनीचा काही संबंध?"

"काडीचा नाही."

"मग तुम्ही रक्कम परत मागवू शकता. इथे सही करा."

"एवढंच?"

"एवढंच."

ही एक गंमत बघा. याच बँकेत खातं बंद करायचं तर माणसाला बापाच्या बारशापासूनचे कागद आणावे लागतात. पण एखाद्या खानावळवाल्या बाईचे पैसे तिच्या खात्यातून उपसून आणायचे तर एक सही पुरते, आणि ती सही टाय बांधलेल्या माणसाची असेल तर कुणी मान वर करून बघत नाही. एलर्टने सही केली. दोनशे चाळीस युरो आले. टाय सैल न करता तो घरी परतला आणि टोम्माला म्हणाला, "अशी वागणूक ठेवली की जग सरळ होतं."

"बरं," टोम्मा म्हणाली. "कोंबड्यांचे दाणे संपलेत."

एवढ्यावर थांबेल तो परीक्षक कसला. त्याने हायडरोझला एक पत्र लिहिलं, त्यात "दरोडेखोरी" हा शब्द अधोरेखित होता. मग बस थांब्याजवळच्या गावफलकावर त्याने मोठ्या अक्षरांत सूचना लावली: हायडरोझ रेस्टॉरंट नावाच्या भामट्यांपासून सावध राहा, आपापली पत्रकं तपासा, ई. ब्रुंकेन. हार्मने तिचा फोटो काढून अख्ख्या गावाला पाठवला. लोक एलर्टला रस्त्यात थांबवून धन्यवाद देऊ लागले. एका म्हातारीने, जिला त्याने तिच्या तरुणपणी उतारावर गाडी घसरली म्हणून नापास केलं होतं, त्याला मुरंब्याची बरणी दिली. एलर्टला वाटलं, राजा असणं म्हणतात ते हेच असावं.

डिसेंबराच्या मध्यावर इम्के परत आली.

ती थेट एलर्टच्या दारात आली. समुद्राच्या वाऱ्याने चेहरा तांबूस झालेला, गुडघे नवे कोरे, आणि हातात गावफलकावरून उपटून आणलेला कागद.

"मॉइन, राजेसाहेब," तिने आमच्याकडचा नमस्कार घातला.

"मॉइन, इम्के. प्रकृती कशी आहे?"

"भामट्यांची प्रकृती चांगलीच असते."

एलर्टला कळलं नाही. त्याने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"हायडरोझ म्हणजे मी," इम्के म्हणाली. "फोकोच्या आईने ठेवलेलं नाव. कागदोपत्री तेच आहे, करही त्याच नावाने भरते. आत बसून जन्मभर ढोसलीत, आणि खानावळीचं नाव काय ते गावात एकाला माहीत नाही. ते पैसे हॉलचे होते. तुझ्या कोबीच्या जेवणाचा हॉल. तूच सही केलीस."

"मी? कधी?"

"राजा झालास त्या रात्री. कधी म्हणजे? नवा राजा शुद्धीत यायच्या आत पुढच्या वर्षीचा हॉल ठरवतो. शुद्धीत आल्यावर कुणी ठरवेल का?"

टोम्मा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"बाकीचे राजे वर्गणी काढतात," इम्के पुढे म्हणाली. तिचा आवाज थोडा उतरला. "तू खुर्चीवर चढलास. म्हणालास, वर्गणी नको, आगाऊ रक्कम माझ्या खात्यातून घे. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी बोलावलंय, निदान हॉल तरी मला भरू दे. वुब्बोच्या पाठीवर कागद ठेवून सही केलीस. रडत होतास. वुब्बोही रडत होता, पण त्याला तू दाबून ठेवला होतास म्हणून असेल."

एलर्टने टीव्हीच्या वरच्या हाडाकडे बघितलं.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला.

"कोबीच्या रात्रीचं कोण बोलतं? मी आज बोलतेय कारण मला भामटी म्हटलंयस."

"मी पैसे आत्ता भरतो."

"पैसे ठेव तुझ्यापाशी. रक्कम परत गेली तशी, मी नसताना हिशेब बघणाऱ्या माझ्या बहिणीने तारीख मोकळी केली, आणि मोकळी केली त्याच दिवशी ती गेली. कुणाला, विचार."

"कुणाला?"

"तुझ्या बँकेला. तालुका शाखेची कोबीची सहल आहे. झीबेल्स म्हणून कुणी बाई आहेत, फार सभ्य बोलतात."

इम्के गेल्यावर एलर्टने तालुक्यातल्या एकूण एक खानावळींना फोन केले. फेब्रुवारी सगळीकडे भरलेला. एका ठिकाणी एप्रिल मिळत होता. एप्रिलमध्ये तो कोबी गुरांनाही घालत नाहीत. संध्याकाळी त्याने टीव्हीवरचं हाड काढून वर्तमानपत्रात गुंडाळलं.

"हे काय?" टोम्माने विचारलं.

"वुब्बोला परत देतो. पत्र लिहून राजीनामा देतो. प्रकृतीचं कारण."

"प्रकृतीला काय झालंय?"

"टोम्मा, त्यांनी मला एकदा बोलावलं. एकदा. आणि मी त्यांचं जेवण घालवलं. आता मला पुन्हा पडद्याआड उभं राहायचंय, तर निदान माझं मी जाऊन उभा राहतो."

टोम्माने ते पुडकं त्याच्या हातातून घेतलं. "मी तुझ्याबरोबर त्याच पडद्याआड उभी होते, माहितीये ना? मी कुणाला नापास केलं नव्हतं. तरी उभी होते." ती असं कधी बोलली नव्हती. "आता तोंडाने जाऊन सांग. पत्रं खूप लिहिलीस."

दुसऱ्या संध्याकाळी एलर्ट फोकोकडे गेला. टाय नव्हता. वुब्बो, फ्राउके, हार्म आणि गल्लीतली बाकी माणसं बसली होती. इम्के गल्ल्यामागे पाठमोरी ग्लास पुसत होती, पुसलेलेच पुन्हा पुसत होती.

"मला काहीतरी सांगायचंय," एलर्ट उभ्यानेच म्हणाला. "हायडरोझ म्हणजे हीच खानावळ. पैसे हॉलचे होते. सही माझी होती. मला आठवत नव्हतं आणि आठवत नाही हे सांगायची लाज वाटली. इम्के चोर नाही, मी मूर्ख आहे. हॉल गेला."

आमच्याकडची माणसं बातमी कळली की ओरडत नाहीत. बिअरकडे बघतात. सगळ्यांनी बिअरकडे बघितलं.

"म्हणजे आपण बसलोय ते हायडरोझ?" वुब्बोने छताकडे नजर टाकली.

"हो."

"आणि इथे पाऊल ठेवणार नाही म्हणून शपथ घेतली ती इथेच?"

"हो."

"मी आधीच म्हणत होतो, नंबर तालुक्यातला आहे," हार्म म्हणाला.

"तू टोळी म्हणालास," फ्राउकेने त्याच्याकडे मान वळवली.

"टोळीही तालुक्यातली असू शकते."

वुब्बो सावकाश एलर्टकडे वळला. हा माणूस आता गचांडी धरणार, असं एलर्टला वाटलं, आणि धरावी असंही वाटलं. वुब्बो म्हणाला, "तुझं गॅरेज केवढं आहे?"

एलर्टचं गॅरेज दोन गाड्यांचं होतं आणि त्यात एकच गाडी राहत होती. जमिनीला करडा रंग, त्यावर पिवळ्या रेघा, भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्याकृती काढलेली. त्या गॅरेजात शेजाऱ्यांपैकी कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मोजे घालून जावं की काय असं लोकांना बाहेरूनच वाटायचं.

"जमिनीचा रंग," तो पुटपुटला. "डुकराची चरबी त्याच्यावर..."

"मग?" वुब्बो म्हणाला.

"मग काही नाही. मोठं आहे. सगळे मावतील."

इम्के गल्ल्यामागून म्हणाली, "आधी फलक." तिने तोंड वळवलं नव्हतं. "तू लावलेल्या अक्षरांएवढीच मोठी अक्षरं हवीत मला."

एलर्टने दुसऱ्याच दिवशी सूचना लावली: हायडरोझ म्हणजे आपली फोकोची खानावळ, मालकीण प्रामाणिक आहे, चूक माझी, ई. ब्रुंकेन. लोक बस सोडून ती वाचायला थांबले. माफीपेक्षा खानावळीचं नाव कळल्याचंच त्यांना अधिक आश्चर्य वाटत होतं. इम्के दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला की सॉसेज आणि मोठं पातेलं तिच्याकडून, पण सॉसेजचे पैसे आधी, रोख, कारण ब्रुंकेनच्या सहीवर तिचा आता भरवसा नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी शेतं पांढरी पडली होती. एलर्टने हातगाडी स्वतः ओढली. चालायच्या वाटेचा त्याने नकाशा काढला होता, तो पहिल्याच वळणावर वुब्बोने नाक पुसायला घेतला. हार्मने चेंडू फेकला तो ओढ्यात गेला आणि चेंडू काढायला हार्मही गेला. टोम्मा गळ्यात प्याला अडकवून बायकांबरोबर पुढे चालत होती आणि तिचं हसू शेतापलीकडून ऐकू येत होतं. ते इतकं मोठं असतं हे एलर्ट विसरूनच गेला होता.

वुब्बो आणि फ्राउकेने अग्निशमन दलाची लांबलचक लाकडी बाकं आणून गॅरेजमध्ये मांडली होती. दलाने ती मोडीत काढली होती. वुब्बोने ती आपल्या गोठ्यात ठेवली होती आणि त्यांना गाईंचा वास होता. कोबी शिजत होता, काचांवर वाफ धरली होती. करड्या जमिनीवर चरबी सांडली, मग मोहरी, मग दारू, मग हार्म. पिवळ्या रेघांवरून कुणीतरी तोल जातो का बघत चालत होतं आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. पान्यांच्या बाह्याकृतींत लोकांनी टोप्या अडकवल्या. एलर्ट प्रत्येक वेळी फडकं घेऊन उठायचा आणि प्रत्येक वेळी वुब्बो त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवायचा.

जेवण निम्म्यावर आलं असताना दारात झीबेल्सबाई दिसल्या. कोटाची बटणं बरोबर लावलेली. फोकोकडे बँकवाल्यांचं जेवण संपलं होतं, भाषणही झालं होतं, आणि त्यांना इकडचा आवाज ऐकू आला होता.

"ब्रुंकेनसाहेब, तुमच्या त्या तक्रारीचं निवारण झालं ना?"

"झालं," एलर्ट म्हणाला. "बसा. वास गाईंचा आहे, सवय होते."

त्या बसल्या. थोड्या वेळाने त्यांच्याही गळ्यात प्याला आला.

शेवटी फ्राउके कोबीराणी झाली. हाड तिच्या गळ्यात पडलं. ती बाकावर चढली, हलली, वुब्बोने तिचे घोटे धरले.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "हॉल नको. इथेच. ज्याला मान्य नाही त्याने हात वर करावा."

हात वर झाला तो फक्त एलर्टचा, आणि तोही फडकं मागायला. सगळ्यांनी टेबलं बडवली. एलर्ट त्या रात्री मोजकंच प्यायला होता, यजमान होता तो. त्याला प्रत्येक शब्द आठवत होता, आणि तीच त्याची पंचाईत झाली.

कारण सकाळ झाली. रविवारची, गोठलेली, शांत. कोबीच्या रात्रीचं कुणी बोलायचं नाही. एलर्ट बादली घेऊन गॅरेजमध्ये गेला. चरबी घट्ट झाली होती, जमीन नकाशासारखी दिसत होती. तो घासत राहिला. फ्राउके म्हणाली ते खरं होतं, की दारू बोलली? हे आता कुणाला विचारायचं? विचारलं तर नियम मोडतो. आणि गेल्या वर्षी ज्याला आठवत नव्हतं त्यानेच या वर्षी आठवण करून द्यायची, हे कुठल्या तोंडाने? त्याने ठरवलं की काहीच झालेलं नाही असं धरून चालायचं. बाकं नेली की जमीन पुन्हा रंगवायची.

दहाच्या सुमारास वुब्बो ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन आला. डोळे लाल, टोपी उलटी.

"मॉइन."

"मॉइन. बाकं घेऊन जायला आलास?"

"हं."

दोघांनी एक बाक दोन टोकांना धरून उचललं. ते भलतंच जड होतं. दारापर्यंत नेलं. वुब्बो थांबला, श्वास घेतला, बाहेरच्या बर्फाळ उताराकडे बघितलं, मग गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे.

"दरवर्षी कोण ओढत बसणार," तो म्हणाला. "राहू दे इथेच."

एलर्टने हातातलं बाकाचं टोक तोवर मागे वळवलंही होतं. त्यांनी बाक परत आत नेलं, भिंतीशी लावलं, मग दुसरं, मग बाकीची. बाकं लागल्यावर गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नाही. वुब्बोने हात झटकले आणि रिकामी ट्रॉली खडखडवत निघून गेला.

दुपारी टोम्माने खिडकीतून बघितलं तर गाडी अंगणात, उघड्यावर, आणि काचेवर दहिवर धरायला लागलेलं. एलर्ट शेजारी उभा राहून गाडीकडे बघत होता.

"तिला थंडीत ठेवणार?"

"गाडीच तर आहे," एलर्ट म्हणाला.